गावातलं युद्धस्मारक: रंगाचा डबा उघडण्याआधी काय करायचं

ऑगस्ट जवळ आला की ग्रामपंचायतीत स्मारकाचा विषय निघतो. झेंडावंदनाला पाहुणे येणार, चौथरा बरा दिसायला हवा. मग चार दिवसांत सगळं उरकलं जातं. अ‍ॅसिड ओतून दगड धुतला जातो, ऑइलपेंटचा हात फिरतो, फुटलेल्या कोपऱ्यात सिमेंट भरलं जातं आणि पैसे उरले तर चकाकत्या टाइल्स बसतात. ओल्या दगडावर, भर पावसाळ्यात. शंभर पावसाळे सोसलेल्या स्मारकांचं सगळ्यात मोठं नुकसान मी याच घाईत होताना पाहिलं आहे. दुर्लक्ष झालेल्या स्मारकाची अक्षरं निदान शेवाळाखाली शाबूत असतात. उत्साहानं घासलेली अक्षरं परत येत नाहीत.

म्हणून या लेखात एकच धोरण धरलं आहे: दगडावर नावं आहेत, ती वाचता येत राहिली पाहिजेत, आणि त्यासाठी लागेल तेवढंच काम करायचं. त्याहून जास्त नाही.

आपल्या गावात नेमकं काय आहे?

महाराष्ट्रात गावच्या युद्धस्मारकाचे चार-पाच प्रकार सापडतात आणि प्रत्येकाची निगा वेगळी असते.

पहिला प्रकार म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं लावलेली संगमरवरी पाटी. सातारा, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात ती चावडीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली दिसते. मजकूर ठरलेला: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दुसरा प्रकार स्तंभ किंवा चौथरा, घडीव काळ्या दगडाचा किंवा कोकणात जांभ्याचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलं गेलं ते या परंपरेमुळेच. तिसरा प्रकार १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलनंतर गावानं स्वतः वर्गणी काढून बांधलेली सिमेंटची आणि ग्रॅनाइटची स्मारकं. चौथा, ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती माझा देश’ अभियानात उभे राहिलेले शिलाफलक.

आणि या सगळ्यांच्या आधीचा म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. खालच्या थरात लढाई, मधल्या थरात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. गावच्या वेशीवर किंवा मारुतीच्या देवळामागे असा दगड उभा असेल, तर ते तुमच्या गावचं सगळ्यात जुनं युद्धस्मारक आहे. त्याला शेंदूर-तेल लावू नका, सिमेंटच्या ओट्यात गाडू नका आणि ‘सुरक्षित जागी’ म्हणून हलवूही नका. जागेवर राहू द्या, भोवतीचं गवत काढा आणि पाणी साचणार नाही एवढं बघा.

आधी कागद, मग कुंचला

हात लावण्यापूर्वी स्मारक कुणाच्या जागेत आहे ते पाहा. गावठाण, देवस्थान, जिल्हा परिषदेची शाळा की कुणाचा खासगी सातबारा? ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत त्याची नोंद आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. बहुतेक ठिकाणी नसते. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून ती घालून घ्या. ठरावात स्मारकाचं ठिकाण, मोजमाप, त्यावरचा पूर्ण मजकूर आणि ‘ग्रामसभेच्या परवानगीशिवाय रंग, टाइल, बांधकाम किंवा स्थलांतर करू नये’ हे वाक्य असू द्या.

या वाक्याचं महत्त्व मोठं आहे. स्मारकाला शंभर वर्षं झाली की ते आपोआप संरक्षित होतं असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं अधिसूचना काढली, तरच कायद्याचं संरक्षण मिळतं आणि गावोगावच्या पाट्या त्या यादीत क्वचितच असतात. तिथे ग्रामसभेचा ठराव हेच संरक्षण. उलट, स्मारक किंवा ते ज्या देवळात आहे ते देऊळ खरोखरच संरक्षित असेल, तर खात्याच्या लेखी परवानगीशिवाय साधी डागडुजीही करता येत नाही. तीही चौकशी आधीच करा.

अक्षरं वाचणं

झिजलेला मजकूर दुपारच्या उन्हात वाचायला जाऊ नका. समोरून पडणाऱ्या प्रकाशात खोदलेलं अक्षर सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा मावळतीला, ऊन पाटीवर तिरपं पडतं तेव्हा जा. त्याहून चांगलं म्हणजे अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. टॉर्च पाटीच्या कडेला, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून घसरत जाईल. दिवसा कोरी वाटणारी पाटी अशा उजेडात बोलू लागते. प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली उभी राहते आणि अर्धं पुसलेलं ‘९’ की ‘१’ हा वाद तिथेच मिटतो. उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा.

खडू, पीठ किंवा कोळसा अक्षरांत भरून वाचू नका. बारीक कण छिद्रांत बसतात आणि निघत नाहीत. कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेण्याचा मोहही ठिसूळ दगडावर टाळा.

मजकूर उतरवताना जसाच्या तसा उतरवा. गावाचं नाव चुकलेलं असलं तरी आणि आडनाव विचित्र दिसलं तरी. दुरुस्ती समासात लिहायची, मूळ ओळीत नाही.

जिथे फक्त आकडा आहे, तिथे नावं शोधा

संगमरवरी पाट्यांची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बऱ्याच पाट्यांवर आकडा आहे, माणूस नाही. गेले इतके, मेले इतके. माझ्या मते गावानं करायचं सगळ्यात मोलाचं काम चुना-दगडाचं नाही, हे आहे.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथल्या कूत गावी तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं आणि पुढे कैदेत कित्येक जण दगावले. इराकमधल्याच बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, पण साध्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा टाकला गेला. म्हणजे गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. नावं मात्र नोंदवह्यांत आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था या नोंदी सांभाळते आणि तिच्या संकेतस्थळावर त्या फुकट शोधता येतात. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो.

शोधताना इंग्रज कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं आहे, हे धरून चाला. पवार हे नाव ए ऐवजी ओ घालून सापडतं, विष्णू व्हीऐवजी डब्ल्यूनं सुरू होतो, शिंद्यांचा एच गायब असतो. कधी आडनावच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. गावाचं नाव तीन-चार प्रकारे लिहून पाहा. तालुका जुन्या नावानं आणि जिल्हा जुन्या हद्दीनं घाला, रायगडऐवजी कुलाबा. पलटणीवरून शोध घ्या, मग गाव जुळवा.

कोकणातल्या गावांनी खलाशांना विसरू नये. महायुद्धांत जहाजांवर गेलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी आफ्रिका आणि इटलीतल्या स्मारकांच्या याद्या पाहा. माणगाव भागातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांचं नाव तिथल्या कॅसिनो स्मारकावर आहे.

सापडलेली नावं घरोघर नेऊन पडताळा. पेटीतलं पितळी पदक उलटंपालटं करून बघा, पहिल्या महायुद्धाच्या बऱ्याच पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. एका आजींच्या ‘आमचे थोरले सासरे बसऱ्याला गेले ते गेलेच’ या वाक्यानं जे जुळतं, ते संकेतस्थळावर महिनाभर बसून जुळत नाही. म्हणून आजी-आजोबांकडे आधी जा.

वर्षाचं वेळापत्रक

निगा म्हणजे वर्षातून दोनदा नीट बघणं आणि एकदा हलक्या हातानं साफ करणं.

एप्रिल-मेमध्ये, वळीव यायच्या आधी: सांधे उघडले आहेत का, चौथऱ्यावरचं पाणी बाहेर ढाळतं का, की मधे डबकं होतं? जवळच्या छपराची पन्हळ स्मारकावर सांडते का? नळाची गळती आहे का? पाण्याचा रस्ता बदलला की निम्मे रोग बरे होतात. चर खणणं, पन्हळ वळवणं, चौथऱ्याभोवतीची साचलेली माती खाली उतरवणं ही कामं याच दिवसांत करा. चौथऱ्याला टेकून मातीचा ढीग किंवा फुलझाडांची कुंडी ठेवू नका. ओल तिथून वर चढते.

जुलै-ऑगस्टमध्ये हात लावायचा नाही. फक्त पावसात छत्री घेऊन एकदा जा आणि पाणी कुठून वाहतं, कुठे मुरतं ते बघून फोटो काढा. हा फोटो पुढच्या उन्हाळ्यात गवंड्याला दाखवायला लागतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सफाई. दगड बऱ्यापैकी सुकलेला असतो, ऊन कडक नसतं, आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस, २६ जानेवारी हे सगळे पुढे असतात. पंधरा ऑगस्टसाठी काय? झाडलोट, गवत काढणं, रांगोळी, फुलं. स्मारकाला त्याहून जास्त काही लागत नाही.

धुणं

आधी कोरडा मऊ ब्रश. बहुतेक वर्षी एवढंच पुरतं. संगमरवर दरवर्षी पाण्यानं धुवायची गरज नाही, काही वर्षांतून एकदा पुरे.

त्यापूर्वी एक परीक्षा करा. पाटीवर बोट हलकेच फिरवा. साखरेसारखे कण हाताला लागले, तर दगडाची वरची कातडी सुटू लागली आहे. मग ब्रशही फिरवायचा नाही, पाणीही नाही. फोटो काढा आणि शिल्पसंवर्धनातल्या जाणकाराला दाखवा. जिल्ह्याचं वस्तुसंग्रहालय किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय अशी माणसं सुचवू शकतं.

दगड घट्ट असेल तर स्वच्छ गोडं पाणी, प्लास्टिकच्या मऊ केसांचा ब्रश, बांबूची चपटी कामटी आणि मऊ सुती कापड घ्या. बोअरचं खारट पाणी नको. पाणी उडून जातं, खार दगडात राहतो. मळ चिकट असेल तर रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी घ्या. पुरातत्त्वाच्या कामातही रिठा वापरतात. कोपऱ्यातली तळहाताएवढी जागा धुऊन दुसऱ्या दिवशी सुकल्यावर पाहा, मगच पुढे जा.

दगड खालून वर भिजवत न्या. कोरड्या दगडावर वरून घाण पाणी ओघळलं तर त्याचे पट्टे मुरतात. दगडफूल आणि शेवाळ भरपूर भिजवून फुगू द्या, मग कामटीनं कडेनं उचला. निघेल तेवढं काढा, घट्ट बसलेलं सोडून द्या. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा धुवा. डाग राहिला तर राहू दे. शंभर वर्षांचा दगड शंभर वर्षांचा दिसला, तर त्यात कमीपणा नाही.

काय वापरायचं नाही, ते सरळ सांगतो: संडास-फरशीचं अ‍ॅसिड, लिंबू, चिंच, ब्लीचिंग पावडर, कपड्यांचा साबण, तारेचा ब्रश, ग्राइंडर, गाड्या धुण्याचा प्रेशर पंप. संगमरवर म्हणजे चुनखडीचंच रूप. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, तो मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. पितळी पाटी चिंचेनं किंवा पॉलिशनं दर सणाला चकचकीत केली तर काही वर्षांत अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि ओघळ शेजारच्या दगडावर डाग पाडतो. पितळ काळपट झालं तरी खराब होत नाही.

हारफुलांचंही सांगतो, कारण भक्तीला कुणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. हळद-कुंकू, गुलाल, तेल आणि कापराची काजळी पांढऱ्या संगमरवरात कायमची मुरते. समोर फूटभर अंतरावर दगडाची वेगळी बैठक करा. दिवा, नारळ, कुंकू तिथे. हारासाठी पाटीत खिळा ठोकू नका, बाजूला लोखंडी किंवा लाकडी चौकट उभी करा.

पिंपळ आणि वड

सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असतं तेव्हा बोटांनी निघतं. पावसाळा संपता संपता प्रत्येक सांधा तपासायचा तो यासाठी. वितीएवढं झालं की मुळं आत गेलेली असतात. तेव्हा ओढलं तर दगड सुटतो आणि वरून छाटलं तर दुप्पट जोमानं फुटतं. अशा वेळी खोड बुंध्याशी कापून ताज्या कापावर तणनाशक लावावं लागतं. हे काम परवानाधारक कीडनियंत्रकाकडून करून घ्या. मूळ पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, कधी एक हंगाम, कधी दोन. मग सैल झालेलं मूळ काढून पोकळी चुन्यानं भरायची. गावात पिंपळ तोडायला कुणी तयार नसेल, तर रोपं लहान असतानाच काढून ओढ्याकाठी लावा. हा तोडगा बऱ्याच गावांत चालतो.

सांधे भरणं

जुनं बांधकाम चुन्याचं असेल तर दुरुस्तीही चुन्याचीच. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून थोडं विस्तारानं सांगतो.

भिंतीत शिरलेली ओल कुठून तरी बाहेर पडणारच. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ती सांध्यातून सुकते आणि झीज होते ती सांध्याची. सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटनं सांधा बंद केला की ओल दगडातून वाट काढते. जांभा किंवा मऊ दगड असेल तर सिमेंटच्या कडेनं पांढरा खार फुटतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची रेघ तशीच उभी आणि दोन्ही बाजूंचा दगड आत गेलेला, असं दृश्य कोकणातल्या कितीतरी चौथऱ्यांवर दिसेल.

कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. चुना विरवताना उकळतो आणि उडतो, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, मुलं लांब. मुरलेला चुना एक भाग आणि धुतलेली, चाळलेली नदीची वाळू अडीच ते तीन भाग, असं मिश्रण करा. सुटलेला जुना माल हातानं, छोट्या छिन्नीनं, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढा. धूळ झटका, सांधा पाण्यानं ओला करा, मग माल दाबून थरांनी भरा. पृष्ठभागाच्या किंचित आत ठेवा, दगडावर सारवू नका. ओलं गोणपाट टांगून आठवडाभर तरी झाकून ठेवा. चुना सावकाश धरतो, भर उन्हात सुकवला तर भुगा होतो.

गवंडी ‘मुठभर सिमेंट टाकू का, लवकर धरेल’ असं विचारेलच. नको म्हणा. स्मारक मुळातच सिमेंट-काँक्रीटचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे धोका गजाच्या गंजाचा. भेग पडून तांबूस डाग दिसला तर आतला गज फुगतोय. वरून गिलावा न करता, तिथलं काँक्रीट फोडून गंज काढून मग दुरुस्ती करावी लागते, आणि ते अभियंत्याला दाखवूनच.

अक्षरांना रंग

खोदलेल्या अक्षरांतला काळा रंग उडाला असेल तर भरता येतो, पण फक्त जिथे मूळ रंगाचा अंश दिसतो तिथे. कोऱ्या खोदाईला रंग देऊ नका. ऑइलपेंटमधलं तेल संगमरवरात पसरून अक्षराभोवती पिवळी कड येते, म्हणून पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. गावच्या बोर्ड पेंटरचा हात उत्तम असतो, पण तो अक्षराला वळण द्यायला जातो. त्याला सांगा, खाचेच्या आतच राहायचं, पुसट अक्षर अंदाजानं पुरं करायचं नाही. शेजारी ठिपका पडला तर तेव्हाच ओल्या कापडानं टिपा. पूर्ण दगडाला रंग किंवा वॉर्निश कधीच नाही.

नवीन नाव कोरताना

जुन्या पाटीवर नवीन नाव घालू नका. शेजारी स्वतंत्र शिळा उभारा आणि तीवर पुढच्या नावांसाठी जागा सोडा. जुन्या पाटीवर नुसता आकडा असेल, तर शोधून सापडलेली नावंही अशाच वेगळ्या शिळेवर जावीत.

नाव कोरण्याआधी लेखी खातरजमा हवी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पहिला दरवाजा. पुढे ज्या त्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचं, खडकीला. क्रमांक, हुद्दा, पलटण, दिनांक आणि ठिकाण त्यांच्या कागदावरून घ्या, पेपरातल्या बातमीवरून नको.

नावाचं शुद्धलेखन घरच्यांकडून कागदावर लिहून सहीनिशी घ्या. वीरपत्नी किंवा वीरमाता जसं लिहितील तसंच. कोरण्यापूर्वी खऱ्या मापाचा कागदी नमुना त्यांना दाखवा. नावांचा क्रम तारखेनुसार ठेवा, हुद्द्यानुसार नको. सुभेदार आणि शिपाई दोघंही गेले ते सारखेच. अक्षरं यंत्रानं वरवर खरवडलेली नकोत, तीन-चार मिलिमीटर खोल हवीत, म्हणजे रंग गेला तरी वाचता येतील. आणि उद्घाटकांची, पदाधिकाऱ्यांची, देणगीदारांची नावं त्या शिळेवर अजिबात नकोत. हवीच असतील तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. जवानापेक्षा मोठ्या अक्षरात कुणाचंही नाव असलेलं स्मारक मला बघवत नाही.

चावडी पाडायची वेळ आली तर

रस्ता रुंद होतो, चावडी मोडकळीला येते, शाळेची नवी इमारत मंजूर होते आणि पाटी राडारोड्यात जाते. म्हणून पाडकामाच्या निविदेतच ‘पाटी आधी काढून ग्रामपंचायतीच्या ताब्यात देणे’ ही अट घाला. पाटी पहारीनं कोपऱ्यातून उचकटायची नाही. आधी फोटो आणि मापं घ्या, मग चारही बाजूंचा गिलावा आणि मागची वीट हातानं काढत जा, पाटी मोकळी झाली की दोघांनी धरून सोडवा. संगमरवराची फळी आडवी उचलली तर मधोमध मोडते. नेताना आणि ठेवताना नेहमी कडेवर उभी, खाली पोतं किंवा फोम. तुकडे झाले तर बारीकसारीक चुरीसकट एका खोक्यात ठेवा आणि घरच्या गोंदानं चिकटवू नका. नवी जागा ठरेपर्यंत ती कुणाच्या ताब्यात आहे, हे इतिवृत्तात लिहा.

माणसं, पैसा आणि फाइल

रोजची निगा स्वस्त असते. ब्रश, रिठे, चुना आणि गवंड्याचे दोन-चार दिवस. ग्रामपंचायत विकास आराखड्यात दरवर्षी छोटी तरतूद करून घ्या. एकदाच मोठी रक्कम आली की ती टाइलवर जाते. काम दोघातिघांच्या नावावर असावं: एक माजी सैनिक, एक शाळेतले शिक्षक, एक तिशीच्या आतला मुलगा किंवा मुलगी. शिक्षकांची बदली होते, म्हणून तिसरं माणूस गावातच राहणारं हवं.

फाइलमध्ये ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, मजकुराची नक्कल, चार दिशांच्या उजेडातले फोटो, नावांचे पुरावे, आणि दर वर्षी काय केलं, कोणतं सामान वापरलं, कुणी केलं याचं एक पान ठेवा. ‘यंदा काही केलं नाही, फक्त पाहिलं’ हेही लिहा. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून एक फोटो घ्या. झीज डोळ्यांना कळत नाही, दहा फोटो शेजारी ठेवले की कळते. फाइलची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. सरपंच बदलले की नव्या सरपंचांना पहिल्याच महिन्यात ती दाखवून पोच घ्या.